आण्णांच्या मांडीवरचा मॉनिटर

गाव सोडलं त्या सकाळी आण्णा, माझे वडील, टेम्पोत पुढं बसले होते आणि त्यांच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला मॉनिटर होता. वैजापूर मागं पडलं तरी त्यांनी त्यावरचा हात काढला नाही. मागं भांडी, ज्वारीच्या दोन गोण्या, माझी पुस्तकं. गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा, मेंढरं विकून झाली होती, आणि मला शहरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती. माझा थोरला भाऊ नामा, आमचा दादा, रस्त्यावरच्या अपघातात गेला त्याला अजून वर्ष झालं नव्हतं.

दादा गावात कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज भरून द्यायचा. लॅपटॉप घे, लाईट गेली तरी चालतो, असं मी त्याला एकदा सुचवलं होतं. तो म्हणाला, त्यात सगळं एकात एक बसवलेलं असतं. डेस्कटॉपचा कीबोर्ड बिघडला तर कीबोर्ड बदलायचा, बाकीच्याला धक्का नाही. मग हसला. "आज्यानं मेंढरांमागं जन्मभर घोड्यावर बिऱ्हाड वाहिलं. आपल्या घरात एक तरी वस्तू बूड टेकून बसू दे."

शहराच्या कडेला हर्सूलच्या खोलीत सामान उतरवलं, आण्णांनी मॉनिटर खिडकीजवळ ठेवला. टेबलाखाली असायची ती पेटी, म्हणजे सीपीयू, मला कुठं दिसेना. आण्णांना विचारलं.

"ती इन्व्हर्टरची पेटी व्हय? तुझ्या काकीला दिली. तिकडं लाईट लई जाती."

पेटी घरघरायची, सगळ्या वायरी तिच्यातूनच निघायच्या. वीज तीच पुरवते, असा त्यांचा समज. दादाला त्यांनी कायम मॉनिटरच्या काचेकडं बघत बसलेलं पाहिलं होतं. त्याचा मोबाईल अपघातातच फुटला होता. त्याच्या हातचं जे काही उरलं होतं ते सगळं त्या पेटीत होतं.

पेटी आणायला लगेच गावी जायला हवं होतं. नोकरी नवी, रजा नाही, हे कारण खरंच होतं, पण त्याहून मोठी भीती होती. पेटी खराब झालेली निघाली तर? आण्णा रोज सकाळी टॉवेलनं काच पुसायचे आणि विचारायचे, "याच्यात हाय ना समदं त्याचं?" मी व्हय म्हणायचे. दिवाळीपर्यंत म्हणत राहिले.

दिवाळीत गेले. काकीनं पेटी देवळीखाली ठेवली होती, वर हळदीकुंकू वाहिलेलं. "नामाची वस्तू म्हणून दसऱ्याला पुजली," ती म्हणाली. "पर लाईट गेल्यावर काय कामाची नाय बाई." कितीतरी महिन्यांनी मला हसू आलं.

शहरातल्या दुरुस्तीवाल्यानं दोन स्क्रू काढून पेटीची बाजू उघडली, धूळ आणि कुंकू फुंकून बाहेर काढलं, आतली हार्ड डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली. चालली. आता आण्णांना खरं सांगणं भाग होतं. ऐकून आण्णा म्हणाले,

"म्हंजी मी काच घिऊन आलो आन् पोरगं ठिवून आलो."

मी फोटो उघडले. अर्जांसाठी काढलेले, पांढऱ्या चादरीपुढं बसवलेले गावकरी, एकामागून एक. त्यातले कितीतरी आज बिडकीनला, पुण्याला, कुठं कुठं आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी काही त्यात असतील. दादा कुठंच नव्हता, काढणारा तोच होता. आण्णांच्या एका बिघडलेल्या फोटोत मात्र कोपऱ्यात त्याचं बोट आडवं आलेलं, धूसर.

"हितंच थांब," आण्णा म्हणाले.

त्यानंतर आम्ही दोनदा खोली बदलली. आलो तेव्हा खिडकीतून दिसणारं शेत आता प्लॉटिंगमध्ये गेलंय. सगळे फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत, कुठंही उघडतात, हे आण्णांना समजावून झालं. मॉनिटर त्यांनी भंगारात देऊ दिला. पेटी दिली नाही. टेम्पोत ती त्यांच्या मांडीवर असते.

मला कुणी गाव विचारलं की मी अजून जुनंच नाव सांगते, पण सांगताना पहिल्यासारखं काही वाटत नाही. नव्या खोलीत शिरलं की आण्णा आधी पेटीसाठी जागा बघतात. कोपऱ्यात ठेवतात, बूड नीट टेकलंय का ते हातानं दाबून बघतात, आणि मगच मला म्हणतात, "टाक आता चहा."