अमेरिकावाल्याचे पाणी

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, रिसालीत, आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या ड्रॉइंगच्या बाई कशालाही मार्क देत. वांग्याच्या भाजीला, मंडळातल्या भजनाला, कोणाच्याही दारच्या रांगोळीला, दहापैकी. माझ्या लग्नाच्या फोटोला त्यांनी साडेपाच दिले आणि "वरचा अर्धा सूनबाईच्या नाकाचा," असे माझ्या बायकोसमोरच सांगितले. मी कारखान्याच्या हिशेब खात्यात होतो, आकड्यांतच जन्म गेला. पण इतका विचार करून दिलेला आकडा मी फारसा पाहिलेला नाही.

बाईंचा सगळ्यात जुना परीक्षार्थी मात्र कधीच मरून गेलेला होता. एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन चित्रकार. समुद्र, खाड्या, किनाऱ्यावरची गवताळ दलदल काढणारा. पॉवर हाउस भागातल्या बाजारात एका रद्दीवाल्याकडे त्यांना त्याच्या चित्रांचे पुस्तक मिळाले होते. कव्हर गेलेले, चित्रे सगळी काळी-पांढरी. त्याचे नाव जिभेवर बसेना, म्हणून त्या त्याला अमेरिकावाला म्हणत.

"ढग आठ," पुस्तक मांडीवर घेऊन त्या सांगत. "हवेले नऊ. ते गलबत पाहा, त्याच्या आन् आपल्या मधात किती हवा आहे. गलबताच्या दोऱ्यांले सहा. मोजून काढल्या, पाहून नाही."

एका संध्याकाळच्या चित्रावर त्यांचा फार जीव होता, पण त्यातल्या पुढच्या पाण्याला त्यांनी तीनच दिले होते. खालचा पट्टा नुसता काळा होता. "इथं कंटाळला बापडा." वर्गातल्या मुलांनाही तीच ताकीद: तलाव काढताना पुढचे पाणी काळे करून सोडले, की मार्क कापले. कितीतरी वर्षे त्या कापत आल्या.

मग एका गणपतीत मंडळाने त्यांचे याच चित्रकारावर व्याख्यान ठेवले, आणि त्याच आठवड्यात भाच्याने अमेरिकेहून कॅलेंडर पाठवले. त्यात तेच चित्र होते, रंगीत. आकाश लालभडक.

बाईंचे यजमान ब्लास्ट फर्नेसला होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते म्हणाले, "हे तर स्लॅग ओतल्यावानी आभाळ आहे." भट्टीतला तापलेला मळ ओतला, की आमच्याकडचे आकाश असेच पेटायचे.

"चेष्टा नका करू," बाई म्हणाल्या. "वर इतकं लाल असल्यावर खाली काळं कसं राहील? पाण्यात आभाळ पडतेच ना?"

"मले काऊन विचारून राहिली? मरोद्याच्या पाण्याले विचार."

बाईंनी ते मनावर घेतले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी काकांच्या स्कूटरवर त्या आणि मागून सायकलवर मी, असे मरोद्याच्या जलाशयावर गेलो. सूर्य बुडाला, आकाश तांबडे झाले. लांबचे पाणीही तांबडे झाले. पायाशी मात्र ते काळेच होते. बाई काठावर खाली बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. स्टार्चची साडी मातीत भरली.

"बसलं का लाल जवळ येते," त्या हळूच म्हणाल्या. "उभं राहिलं का लांब जाते, आणि पायाशी काळं उरते. हा माणूस उभा राहून पाहत होता हो. आणि मी टेबलाशी बसून त्याले नापास केलं."

घरी येताच काकांनी सल्ला दिला, "कॅलेंडर दाखव, जुनं काढू नको. कोणाच्या ध्यानात आहे?"

"पोरांच्या आहे."

व्याख्यानात त्यांनी पहिलेच वाक्य टाकले, "मी चुकत होते," आणि तिनाचे आठ केले. मंडळाचे अध्यक्ष हसत म्हणाले, "मग बाई, आमच्या पोरांचे कापलेले मार्क?"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "देते. चित्रं घेऊन या."

पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या व्हरांड्यात जुनी चित्रे येत राहिली. कॉलेजात गेलेली, लग्न झालेली माणसे पेट्या उपसून ती आणत. बाई प्रत्येक चित्र भिंतीला टेकवून पाहत. सगळ्यांचे मार्क वाढले असे मुळीच नाही. एकीला म्हणाल्या, "तुझं पाणी आळसानंच काळं आहे. चारच राहू दे." चूक कबूल करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. ती एकेक करून दुरुस्त करत बसणारे माणूस हे एकच.

काका रिटायर झाल्यावर ते दोघे अमरावतीला निघाले. सामान ट्रकवर चढले होते. तेवढ्यात कारखान्याच्या कोक ओव्हन विभागातला एक कामगार, बाईंचा जुना विद्यार्थी, ड्यूटीवरून तसाच आला. हातात गुंडाळलेला, कडा खाल्लेला कागद होता. बाईंनी तो ट्रकच्या चाकाला टेकवला आणि दोन पावले मागे सरून बराच वेळ पाहिला.

"सात," त्या म्हणाल्या. "मी चार दिले होते."

तो लाजला. "राहू द्या ना बाई. आता मार्क घेऊन मी काय करू?"

"तुले नसतील पाहिजे," बाई पेन शोधत म्हणाल्या. "मले द्यायचे आहेत."

ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. काकांनी त्याला हाताने थांबवले.