एकवरची हवा

थंडी पडल्यापासून व्हॅनच्या हीटरचा ब्लोअर एक, दोन, तीनवर गप्प राहायचा आणि चारवर एकदम गरजायचा.

"तुझ्यासारखाच आहे, बाबा," लेक म्हणाली. तिच्याशी आठवडाभर धरलेला अबोला मी कालच आरडाओरडा करून मोडला होता.

डॅशबोर्डखाली डोकं घातलं. हवेच्या वाटेत वाळका पाला साचला होता, म्हणून वेग कमी ठेवणारा छोटा रेझिस्टर तापून जळला होता. माझ्यातही असंच काही साचत असावं. पाला काढला, नवा रेझिस्टर बसवला.

तिला कॉलेजला सोडताना बटण एकवर ठेवलं. मंद, उबदार हवा आली.

"काल चुकलंच माझं," मी म्हणालो. इतक्या हळू बोललेलंही ऐकू गेलं.

गारठलेले हात शेकून तिने हवेची मधली जाळी माझ्याकडे वळवली.