आत्यानं सारवलेला मांगर

करोनाच्या त्या मे महिन्यात गावी जायचं की घाटकोपरलाच राहायचं, यावरून घरात रोज भांडण व्हायचं. मी नको म्हणून थकले. बाबांचं एकच, "पास मिळालाय ना? गावात वेगळे राहू की."

मग गावाहून आत्याचा फोन आला. बाबांची ही थोरली बहीण, सत्तरीची, दम्याची. घरामागच्या मांगरातलं, म्हणजे गुरांच्या खोपटातलं, गवत काढून तिनं आमच्या राहण्यासाठी एकटीनं जमीन सारवली होती. "तुम्ही येवा," ती म्हणाली, "मी लांबसूनच जेवाण वाढीन."

फोन ठेवून बाबा उठले. आणि भरलेली बॅग रिकामी करायला लागले.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"लांबून वाढणं तिला या जन्मात जमायचं नाही गं."