झाड सोपवायचा दिवस

अंबडहून घनसावंगीकडं जाणारी जीप वाटेत एका शाळेपाशी वळण घेते. ते वळण आलं की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. रुमाल, चष्मा, मोबाईल, काहीही. शोधायचं काहीच नसतं. शाळेच्या मागं मोसंबीची झाडं आहेत आणि ती आता कशी आहेत, हे मला बघायचं नसतं.

त्या शाळेत मी नववी-दहावीला शेती शिकवायचे. वर्षावर्षाच्या कंत्राटावर होते. गणिताच्या सरांना गाव नुसतं ‘सर’ म्हणायचं, मला मात्र ‘शेतीवाल्या मॅडम’. पहिल्याच पालकसभेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “ओ म्याडम, शेती शिकायला शाळंत काहून पाठवायचं? ती तर आम्ही घरीच फुकट शिकवून राह्यलोत.” सगळी सभा हसली, मीही हसले. पण मला त्यांचा राग समजत होता. पोरगं शेतात राबू नये म्हणून त्याला शाळेत घालायचं आणि शाळेनं पुन्हा त्याच्या हातात खुरपंच द्यायचं, हे कुणाला आवडेल?

शाळेमागं कुसळं आणि दगड होते. पहिल्या बॅचनं ते काढले. मग मी पोरांना मोसंबीचा डोळा भरायला शिकवलं. चांगल्या झाडाच्या फांदीवर जिथून कोंब फुटतो ती जागा सालीसकट अलगद काढायची, जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या सालीत बसवायची आणि पट्टीनं बांधायची. पोरांचे हात रानदांडगे. निम्मे डोळे त्यांनी चिरडले, आणि जे फुटले त्यांच्याभोवती जावळ काढलेल्या बाळाभोवती जमावं तशी गर्दी केली. ती रोपं आम्ही लावली.

अडचण अशी की मोसंबीला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात आणि पोर माझ्या हाताखाली दोनच वर्षं असतं. लावणारा दहावी होऊन जाणार, मग झाडाकडं कोण बघणार? म्हणून मी एक टूम काढली. दहावीच्या निरोपाच्या दिवशी प्रत्येकानं आपलं झाड नववीतल्या एकाला सोपवायचं. तांब्याला दोघांनी हात लावायचे, बुडाशी पाणी घालायचं आणि घेणाऱ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असा एकच शब्द म्हणायचा: “सांभाळीन.”

पहिल्या वर्षी नुसता दंगा झाला. पोरं बोहल्यावरच्या नवरदेवासारखी लाजत ‘सांभाळीन’ म्हणत होती आणि मागून शिट्ट्या पडत होत्या. दुसऱ्या वर्षी काही जण नवे सदरे घालून आले. तिसऱ्या वर्षी एकाला ताप होता, तर तो आईच्या खांद्यावर टेकून बागेत आला. शब्द द्यायचा राहील म्हणून. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी शिकवतोय.

मग ती आली. मेंढरांच्या घरची पोरगी. आजोबा अजून कळप घेऊन हिंडायचे. नववीच्या पहिल्या दिवशी ती बागेत शिरली तशी पोरं ओरडली, “म्याडम, चोराच्या हातात किल्ल्या देऊ नका! हिची मेंढरं सगळं साफ करतील.” ती काही चिडली नाही. कुंपणाकडं बघत म्हणाली, “मेंढरू कुठून आत घुसतं ते मला बराबर माहीत हाय. काट्या तिथं लावा.” आठवड्यात कुंपण झालं आणि महिन्यात ती बागेची प्रमुख झाली. मी तिला ‘सरपंचबाई’ म्हणायला लागले, मग सगळी शाळाच म्हणायला लागली.

त्याच वर्षी जालन्याला विद्यार्थ्यांसाठी नेतृत्व शिबिर होतं. शाळेतून तिला पाठवायचं ठरलं आणि सोबत मी गेले. एक हसतमुख ताई दिवसभर शिकवत होत्या. नजरेला नजर द्या. आवाज पोटातून काढा. मुद्दे तीनच ठेवा. आणि निर्णय ज्याच्या हातात आहे त्याच्याशीच बोला, बाकीच्यांत वेळ घालवू नका. ती सगळं तोंडानं पुटपुटत पाठ करत होती. परतीच्या जीपमध्ये तिनं लगेच वापरूनही पाहिलं. तो जीपवाला शाळेच्या पोरींना मागच्या फळीवर उभं करायचा आणि मोठी गिऱ्हाइकं आत बसवायचा. ती म्हणाली, “दादा, मुद्दे तीन हायेत. एक, आम्ही रोजच्या सवाऱ्या. दोन, पडलो तर नाव तुमचं. तीन, तुमची पोरगी पण उद्या शाळंत जाईन.” जीपवाल्यानं आरशातून तिच्याकडं बघितलं. म्हणाला, “बस बाई आत. लई शिकली.” दुसऱ्या दिवसापासून पोरी आत बसायला लागल्या.

माझं मन तेव्हा भरून आलं होतं. तिचं तर विचारूच नका. बोललं की होतं, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

ती दहावीत गेली त्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. यंदापासून नववीला शेतीच्या जागी दुसरा विषय. दहावीची ही पोरं बाहेर पडली की शेतीचा विषय बंद, आणि अर्थातच मीही. मी विचारलं, “का हो सर?” ते म्हणाले, “वरून आलंय.” माणूस वाईट नव्हता. खरं सांगते, त्या सगळ्या वर्षात मला वाईट माणूस एकही भेटला नाही. भेटला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

वर्गात मी ते सांगितलं. तिनं विचारलं, “मंग झाडं?”

मी म्हणाले, “बघू.”

त्या वर्षी झाडांचा पहिला बहार धरायचा होता. डिसेंबरात पाणी तोडायचं, झाडं तहानेली करायची, जानेवारीत पाणी सोडायचं, की फुलं लागतात. पण एकदा फुलं लागली की उन्हाळाभर पाणी चुकवून चालत नाही. नाहीतर फुलं गळतात, फळं गळतात आणि कोवळी झाडंही हातची जातात. म्हणजे आम्ही बहार धरणार आणि ऐन वेळी सगळे निघून जाणार. बहार धरूच नये असं मी सुचवून बघितलं. ती म्हणाली, “असं कसं म्याडम? तवर कायतरी व्हईनच की.”

ती आधी मुख्याध्यापकांकडं गेली. तीन मुद्दे मांडले. सरांनी मन लावून ऐकलं, तिला खुर्ची दिली, शाबास म्हणाले आणि “वरून आलंय” म्हणाले. मग ती शाळा समितीसमोर उभी राहिली. तिथंही शाबासकी मिळाली, चहा मिळाला आणि “आमच्या हातात काय आहे, वरचा निर्णय” हेही मिळालं. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, “म्याडम, वर म्हंजे कोण? त्याच्याशीच बोलते मी.” शिबिरात शिकवल्याप्रमाणे ती निर्णय घेणारा माणूस शोधत होती. मला तो माणूस माहीत असता तर मीच त्याच्या दारात जाऊन बसले नसते का? मी कंत्राटी बाई. मी तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, हिची नोकरी जातेय म्हणून ही बोलतेय. त्यात खोटं तरी काय होतं?

तिनं आणखी एक वाट काढली. विषय नसू दे, नववीची पोरं नुसती पाणी घालतील. नववीची पोरं तयारही झाली. पण सर म्हणाले, “मॅडम नसताना पोरं बागेत गेली आणि जनावर निघालं, तर जबाबदारी कुणाची?” बागेत साप निघायचे हे खरंच होतं. मी मान खाली घातली.

सव्वीस जानेवारीला जिल्ह्याचे एक साहेब येणार होते. आता हार-तुऱ्यांऐवजी पाहुण्यांना रोपं द्यायची रीत आली आहे. सर म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडची पिशवीतली रोपं काढा, बरं दिसतं.” मेलेल्या झाडांच्या जागी लावायला ठेवलेली, डोळा भरलेली ती रोपं होती. तिनं ती स्वतः पुसली आणि पिशव्यांना रिबिनी बांधल्या.

भाषणासाठी तिला पाच मिनिटं मिळाली. असं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही. आवाज पोटातून, नजर साहेबांच्या नजरेत. पहिला मुद्दा, झाडांना पहिलाच बहार येतोय आणि उन्हाळाभर पाणी लागेल. दुसरा, नववीचे विद्यार्थी शिकायला तयार आहेत. तिसरा, “शिकवायला याच मॅडम पाहिजेत असा आमचा हट्ट नाही, कोणीही चालेल, पण वर्ग चालू ठेवा.” मॅडमच्या नोकरीसाठी बोलतेय असं कुणाला वाटू नये, म्हणून तिनं मला शांतपणे बाजूला केलं होतं. मला वाईट वाटलं आणि तिचा अभिमान वाटला, दोन्ही एकदमच.

साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मग सगळं गाव उभं राहिलं. साहेब म्हणाले, “या मुलीत मला उद्याची नेता दिसते.” पुढं म्हणाले, “हिचं म्हणणं मी नक्की वर पोचवतो.”

वर! मी तिच्याकडं बघितलं. ती हसत होती, पण डोळे बारीक करून कुठंतरी लांब बघत होती. मांडवाच्या कडेला तिचे आजोबा काठी टेकून उभे होते. त्यांनी मला हात जोडले. “पोरगी लई बराबर बोलली, म्याडम. सायब सोता उठून उभे राह्यले. आता काम झालं म्हनायचं.” मी म्हणाले, “हो बाबा.”

फोटो निघाले. गावच्या ग्रुपवर अंगठे आणि फुलं पडली. गाडी गेल्यावर आम्ही खुर्च्या आवरायला लागलो. साहेबांचं रोप खुर्चीखाली आडवं पडलं होतं, माती सांडलेली. बाकीचीही तिथंच होती. तिनं एकेक रोप उचललं, रिबिनी सोडल्या आणि सगळी परत बागेत नेऊन ठेवली.

मग फक्त वाट बघणं उरलं. ती रोज मुख्याध्यापकांच्या खोलीवरून जाताना आत डोकवायची. काही आलं का? सर मान हलवायचे. पुढं पुढं ती दिसली की ते फोन कानाला लावायला लागले. त्यांनाही ते सोसवत नव्हतं.

बहार मात्र असा आला की काय सांगू. निरोपाच्या दिवशी सगळ्या शाळेत मोसंबीच्या फुलांचा वास भरला होता. पाहुणेसुद्धा विचारत होते, अत्तर कुणी लावलंय? मी ठरवलं होतं की यंदा झाड सोपवायचं नाही, गुपचूप समोसे खाऊन घरी जायचं. पण समोसे संपल्यावर पोरं आपली आपण बागेत गेली. प्रत्येक जण आपापल्या झाडाखाली उभा राहिला. नववीची पोरं कुंपणाबाहेरून बघत होती, त्यांना आत यायची परवानगी नव्हती. प्रत्येकानं एकट्यानंच तांब्या धरला, एकट्यानंच पाणी घातलं. शब्द कुणीच म्हणालं नाही. एरवी शिट्ट्या मारणारी पोरं, पण चिडीचूप.

ती शेवटपर्यंत थांबली. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आली. म्हणाली, “म्याडम, नजर दिली व्हती ना मी?”

“हो.”

“मुद्दे पण तीनच व्हते. आवाज पण बराबर व्हता. मंग चुकलं कुठं?”

तू कुठंच चुकली नाहीस, असं मी म्हणाले. खरं तेच होतं. पण तिचा चेहरा पडला, कारण तिला चूक हवी होती. चूक असती तर तिनं ती सुधारली असती, पुन्हा उभी राहिली असती, पुन्हा बोलली असती. मी तिच्या हातात काहीच ठेवलं नाही. एवढी वर्षं शिकवलं, आणि त्या पोरीला द्यायला माझ्याकडं एक चूकसुद्धा नव्हती. मला रडू फुटलं. तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं, रडणाऱ्या मोठ्या माणसांकडं बघत नाहीत तसं.

मग ती नळावर गेली, तांब्या भरून आणला आणि आपल्या झाडापाशी उभी राहिली. कोवळ्या फांद्या फुलांनी वाकल्या होत्या. तिनं तांब्या माझ्यापुढं धरला.

“घ्या म्याडम. दोघांचे हात लागतात.”

वर्ष संपलं की मी जाणार, हे तिला माहीत होतं. वर्गात सगळ्यात आधी तिलाच ते कळलं होतं. तरीही ती तांब्या धरून थांबली होती. मी हात लावला. पाणी बुडाशी पडलं, मातीनं प्यायलं, तरी तिनं तांब्या सोडला नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. नजरेला नजर देऊन.

“सांभाळीन,” मी म्हणाले.