मागे अजून दोन

आधीच सांगून टाकते, या सदरातले गूढ अनुभव मी आजवर नावं ठेवण्यासाठीच वाचत आले. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कोणी म्हणालं "आपोआप झालं", की मी नोंदींचा लॉग मागते. आमच्या घरी अमावास्येला नखं कापतात आणि मांजर आडवं गेलं तर मांजराचे लाड होतात. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहिते.

मी अनघा, नवरा मिलिंद. मूळचे पुण्याचे, सिंगापूरला येऊन चौदा वर्षं झाली, जुरोंग ईस्टला राहतो. सिंगापूर म्हटलं की लोकांना मॉल आठवतात. पण बेटाच्या मधोमध चांगलं दाट जंगल आहे, टेकड्या आहेत, आणि त्यांत सायकलींसाठी मुद्दाम राखलेल्या मातीच्या वाटा आहेत. वाटेच्या तोंडाशी पाटी असते. हिरवी वाट नवशिक्यांची, निळी मधल्यांची, काळी जाणत्यांची. हिरव्या वाटेवर पहिलीतली पोरं दिसतात आणि साठी उलटलेल्या बायकाही.

मला या नादाला लावलं शिरीषदादाने. आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, नाशिकचा, एकटा जीव, इथल्या एका विद्यापीठात संशोधक. बेचाळिसाव्या वर्षी त्याने मला माउंटन बाइकवर बसवलं. पहिल्याच दिवशी मी हिरव्या वाटेवरून सरळ झुडपात शिरले, तर वरून म्हणतो कसा, "छान! पडायची भीती गेली. ऊठ आता." मिलिंद तेव्हापासून मला झुडूपबाई म्हणतो.

दादाने शिकवलेल्या दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. एक – जंगलातली वाट अरुंद, वळणापलीकडचं दिसत नाही. म्हणून समोरून कोणी सायकलवाला आला की आपण ओरडून सांगायचं, आपल्या मागे अजून किती जण येताहेत. पुढचा म्हणतो "टू मोअर बिहाइंड", मधला म्हणतो "वन मोअर", शेवटचा म्हणतो "लास्ट वन". म्हणजे तेवढे जाईपर्यंत समोरचा जपून चालवतो. आणि दुसरी – ग्रुपमध्ये जो सगळ्यात पक्का, तो शेवटी. पुढे नाही. कोणी पडलं, दमलं, पंक्चर झालं, तर ते मागेच राहून जायला नको. आमच्यात मी पुढे, मिलिंद मध्ये, दादा शेवटी. दर शनिवारी सकाळी, आठ वर्षं.

गेल्या डिसेंबरात दादा बहिणीकडे नाशिकला गेला आणि तिथेच झोपेत गेला. आम्हाला पोचताही आलं नाही. जाताना त्याने सायकल आणि हेल्मेट आमच्याकडे ठेवलं होतं. हेल्मेट नारिंगी, उन्हाने विटलेलं, उन्हासाठीची पुढची झडप तडकलेली आणि त्यावर दवाखान्यात असते तसली पांढरी चिकटपट्टी. नवीन घे म्हटलं तर म्हणायचा, "डोकंही जुनंच आहे." मी ते एका पिशवीत घातलं, गाठ मारली आणि स्टोअररूमच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं.

पाच महिने आम्ही दोघं जंगलाकडे फिरकलो नाही. मग मे महिन्यातल्या एका शनिवारी मिलिंदच म्हणाला, "चल, जाऊ या." चेस्टनट पार्कला पोचलो, निळ्या वाटेच्या पाटीपाशी हेल्मेटचे पट्टे आवळले, आणि त्याने साधाच प्रश्न विचारला.

"मागे कोण राहणार?"

आता आमच्यात पक्की मीच. नियमाने मीच मागे राहायला हवं होतं. पण दादाच्या जागेवर जायला माझं मनच धजेना, आणि मला रडायला आलं की मी चिडते. खेकसलेच त्याच्यावर. "तूच राहा की! मी नाही दादाच्या जागी जाणार." मिलिंदने सायकल बाजूला घेतली. मी पुढे निघाले.

आदल्या रात्री पाऊस झाला होता, मुळं निसरडी झाली होती. साडेआठच्या सुमारास एका उतारावर समोरून दोन मुली आल्या, पंचविशीच्या असतील. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं – "टू मोअर बिहाइंड!"

"थँक यू, आंटी!" म्हणून त्या पुढे गेल्या.

पन्नासेक मीटर गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. दोन कुठले? एकच आहे आता... डोळे भरून आले, वाट दिसेना. तरी मी थांबले नाही, मागे वळून "सॉरी, वन" असं ओरडलेही नाही. आयुष्यभर लोकांच्या चुका काढणारी मी चुकीचा आकडा देऊन तशीच पुढे गेले.

जिथे वाटा फुटतात तिथे थांबायचं, हाही दादाचाच नियम. थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मिलिंदला माकडांचे फोटो काढायचा नाद आहे, त्यामुळे काळजी अशी वाटलीच नाही. उलट आल्यावर त्याला काय टोमणा मारायचा तेच मनात जुळवत होते. ते आठवलं की अजून लाज वाटते.

तेवढ्यात त्या दोन मुलींतली एक मागे फिरून धापा टाकत आली आणि इथल्या तुटक इंग्रजीत ओरडली. "आंटी! युअर फ्रेंड फॉल डाऊन! कम, कम, फास्ट!"

मिलिंद वाटेच्या खाली, दोन पुरुष खोल उतारावर पडला होता. भोवती कमरेएवढे नेचे, सायकलही त्यांतच गडप. बोट दाखवूनसुद्धा वरून मला आधी काही दिसलं नाही. तुटलेल्या खोडाचं टोक दंडात आतल्या बाजूने घुसून निघालं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. दुसरी मुलगी आपल्या जॅकेटचा बोळा त्यावर दोन्ही हातांनी दाबून बसली होती. मिलिंद शुद्धीवर नव्हता. त्याचे ओठ पांढरे पडले होते... मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि "मी मागे राहायला हवं होतं रे, मी मागे राहायला हवं होतं" एवढंच म्हणत राहिले. ॲम्ब्युलन्सला फोन, जागा कळावी म्हणून वाटेकडेच्या खांबावरचा नंबर सांगणं, सगळं त्या पोरींनीच केलं.

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, धोका टळला. आणखी पंधरा-वीस मिनिटं तसाच पडून राहिला असता तर अवघड होतं. आणि मी तर त्या फाट्यावर आरामात अर्धा तास काढला असता.

ती धापा टाकत आलेली मुलगी, ह्वी मिन तिचं नाव, तोवर माझ्याबरोबर बाकावर बसून होती. मी तिचे हात हातात घेतले आणि विचारलं, तुम्हाला तो दिसला कसा?

"वी डिडन्ट सी, आंटी. द अदर अंकल टोल्ड अस."

"कोण अदर अंकल?"

"युअर थर्ड वन, लाह. यू सेड टू मोअर, राइट? वी ओन्ली सॉ वन. ही स्टँडिंग देअर, होल्डिंग हिज बाइक. ही पॉइंट डाऊन अँड से, वन मोअर, देअर." मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "आफ्टर दॅट आय डोन्ट नो वेअर ही गो. ही ओके ऑर नॉट?"

मी विचारलं, दिसायला कसे होते?

"ओल्ड ऑलरेडी. व्हेरी काम. ऑरेंज हेल्मेट, द फ्रंट गॉट व्हाइट टेप."

मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली. तिला म्हणाले, हो, ही इज ओके. दुसरं काय सांगणार होते?

घरी येऊन आधी स्टोअररूम उघडली. पिशवी वरच्या फळीवर होती. गाठ माझीच, जशी मारली होती तशी. आत हेल्मेट, कोरडं, जुनी धूळ तशीच. ते छातीशी धरून मी तिथेच जमिनीवर बसले आणि पाच महिन्यांत रडले नव्हते तेवढं रडून घेतलं.

पण स्वभाव जात नाही. ह्वी मिनच्या हेल्मेटला कॅमेरा होता, आठवड्याने मी तिच्याकडून ती क्लिप मागवून घेतली. माझं "टू मोअर बिहाइंड" त्यात स्वच्छ ऐकू येतं. पुढे रातकिडे, चाकांखालचा चिखल. मग ती ब्रेक लावते. तिचं डोकं खाली असल्यामुळे चित्रात फक्त पुढचं चाक आणि वाट. ती विचारते, "यू लास्ट वन, अंकल?" मग चार सेकंद काही नाही. मग ती म्हणते, "वेअर? ओह! ओके, ओके!" आणि सायकल टाकून धावते.

त्या चार सेकंदांत कोणाचाही आवाज नाही. रातकिडे मात्र चालू आहेत, म्हणजे माइक बंद पडला नव्हता.

माझ्या परीने मी सगळं तपासून पाहिलंय. कोणी फिरायला आलेला माणूस असेल. नारिंगी हेल्मेटं शेकड्याने असतील, चिकटपट्टीही कोणी लावली असेल. मी "दोन" म्हटल्यामुळे पोरींच्या डोक्यात दुसरा माणूस तयार झाला असेल. प्रत्येक स्पष्टीकरण एकेकटं पटतं, पण सगळी एकत्र ठेवली की मला झोप लागत नाही. मिलिंदला पडल्यानंतरचं काही आठवत नाही. मी त्याच्यापुढे कबूल केलं, तुला मागे ठेवलं ही माझी चूक. तर दंडाचं बँडेज सावरत म्हणतो, "रडतेस काय? आता मी झुडूपबुवा झालो." मग हळूच म्हणाला, "हेल्मेट पिशवीत नको ठेवूस. गुदमरतं."

आता ते दाराजवळच्या खुंटीवर असतं.

चार महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो, हिरव्या वाटेवर. या वेळी मिलिंद पुढे आणि मी मागे. समोरून एक जोडपं आलं, आणि पुढून मिलिंदचा आवाज मी ऐकला – "टू मोअर बिहाइंड!" आमचं असं काही ठरलं नव्हतं. जोडपं माझ्यापर्यंत आलं. "लास्ट वन" म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "वन मोअर."

टेस्टर म्हणून सांगते, हा आकडा चुकीचा आहे. तरी आम्ही दर शनिवारी तोच सांगतो. समोरचे मान डोलावतात, जपून चालवत वळणापलीकडे जातात. मागे कोणीच नव्हतं, असं सांगायला अजून एकही जण परत आलेला नाही.