फियाटची खांदमळणी

सत्यशीलाबाईंच्या गोठ्यात आता बैल नव्हते, फियाट होती.

श्रीमंत नावाचा त्यांचा नवरा जिवंत होता तोवर पोळ्याला वेशीतून पहिली जोडी याच घरची जायची. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, घरोघरचे बैल गेले, तरी श्रीमंतने जोडी राखली होती. तो अचानक गेला. ऊस आणि गाई एकटीने सांभाळताना जोडी पोसणं जमेना, म्हणून सत्यशीलाबाईंनी बैल विकले. मोकळ्या झालेल्या जागेत नवऱ्याची जुनी फियाट ढकलत नेऊन उभी केली. तेव्हापासून ती तिथून हलली नव्हती.

यंदा श्रावण लागला आणि चुलतदीर काकासाहेब ओट्यावर येऊन बसले.

"वहिनी, दोन पोळं थांबलो तुमच्यासाठी. यंदापासून आमचा ट्रॅक्टर म्होरं घेतो. तुमच्या घरात बैल न्हाई, गडी न्हाई. राग मानू नका."

"भाऊजी, तुमचा ट्रॅक्टर शेण टाकतो का?"

"आँ?"

"न्हाई, ट्रॅक्टरला बैलाचा मान चालत आसंल, तर आमच्या फियाटनं काय घोडं मारलं?"

काकासाहेबांना हसू आवरेना. "आणा की! पन बैल आपल्या पायानं येतो. ढकलत आणली तर मान न्हाई. आन वेशीम्होरं हलगी वाजती तवर चालू ऱ्हायली पायजे. तिथं बंद पडली तर मान आमचा, कायमचा."

"ठरलं," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मिरवायची हौस त्यांना नव्हती. पण 'गडी न्हाई' म्हणून मान सोडायचा, म्हणजे श्रीमंतचं घर मिटलं हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. ते त्यांना मान्य नव्हतं. गाडी चालवायला त्यांना श्रीमंतनेच कालव्याच्या भरावावर शिकवलं होतं. दुरुस्तीच्या वेळी शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभं राहायचं कामही त्यांचंच असे.

त्यांनी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं. त्याला पेट्रोलचा नाही, रंगाच्या डब्याचा वास येत होता. गाडीची बॅटरी राहुरीहून चार्ज करून आणली, नवं पेट्रोल भरलं आणि किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. मग पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडात त्यांनी चमचाभर पेट्रोल ओतलं. इंजिन एकदा गरजलं आणि गप्प झालं.

म्हणजे ठिणगी होती. पेट्रोलच पोचत नव्हतं.

त्यांनी कार्ब्युरेटर उतरवला आणि परातीत खोलला. जो स्क्रू आधी निघाला तो कडेला, त्याच्याशेजारी पुढचा. आतल्या वाटीच्या तळाशी काकवीसारखा तपकिरी गाळ बसला होता आणि पितळेच्या जेटची बारीक भोकं त्याने बुजली होती. फवारणी पंपाचे नोझल त्यांनी जन्मभर साफ केले होते. भोकात तार घातली की ते मोठं होतं आणि सगळं माप बिघडतं, हे हाताला ठाऊक होतं. त्यांनी जेट रंगाच्या थिनरमध्ये भिजत घातले, ब्रशने घासले आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. भोकातून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत ते हातावेगळे केले नाहीत.

सगळं जोडून झाल्यावर फियाट सुरू झाली खरी, पण काळा धूर ओकू लागली. पायाचा दाब कमी केला की मरायची. रस्त्याने जाताना काकासाहेबांनी हाक दिली, "वहिनी, वीटभट्टी लावली का काय?"

"व्हय! पयली वीट तुमालाच देते."

हसू ओसरलं तसं त्यांनी प्लग काढून पाहिले. काजळीने काळेकुट्ट झाले होते. पेट्रोल आता जास्त जात होतं आणि हवा कमी. त्यांनी कार्ब्युरेटर पुन्हा उतरवला. या वेळी वाटीकडे न बघता हवा घेणाऱ्या वरच्या तोंडाशी बघितलं. कडेच्या बारीक भोकांत पिवळट काहीतरी गच्च बसलं होतं. आधी तो जुन्या पेट्रोलचाच थर वाटला होता. त्यांनी तो नखाने खरवडून नाकाशी नेला.

तूप होतं. आणि हळद. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात ती.

सासूबाई बनुबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. "आत्याबाई, खांदमळणीला फियाटला हळद-तूप लावलंत का कधी?"

"दर साली लावते! बैल न्हाईत म्हनून गोठा कोरडा ठिवू? माज्या श्रीमंतचं शेवटलं जनावर ते. खांदा कुटला ते कळंना. पत्र्याखाली तोंड उघडं दिसलं, तितंच बोट भरून चोळलं."

सत्यशीलाबाईंच्या ओठांवर बरंच आलं होतं. त्या म्हाताऱ्या बोटांकडे पाहून त्यांनी ते गिळलं. "बरं केलं," म्हणाल्या आणि चुलीवर पाणी तापत ठेवलं. कढत साबणाच्या पाण्याने तूप सुटलं, हवेच्या झोताने हळद निघाली. फियाट सुरू झाली तेव्हा धूर आला नाही. मग इंजिन आपल्या आपण हळू चालत राहीपर्यंत सत्यशीलाबाई कार्ब्युरेटरच्या कडेचा स्क्रू किंचित आत, किंचित बाहेर करत बसल्या.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बनुबाई हळद-तुपाची वाटी घेऊन गोठ्यात आल्या आणि सवयीने बॉनेटकडे वळल्या.

"आत्याबाई, हिचा खांदा तितं न्हाई. वझं वढत्यात ती चाकं. चाकांना लावा."

बनुबाईंनी चाकाकडे वाकून पाहिलं. "व्हय की. तवाच मेली रुसली आसंल." आणि खाली बसून त्यांनी चारी चाकं मळली.

पोळ्याला जुन्या जोडीची झूल बॉनेटवर टाकून फियाट वेशीसमोर उभी राहिली. मागे काकासाहेबांचा ट्रॅक्टर. हलगी सुरू झाली. थांबायची वेळ झाली तसं काकासाहेबांनी हात उडवला, "वाजवा रे अजून!" सत्यशीलाबाईंनी ते आरशात पाहिलं. त्यांनी पाय पेडलवरून उचलला आणि गावाला दिसेल असा दाराबाहेर काढून ठेवला. झुलीवरची घुंगरं थरथरत होती. हलगीवाल्याचे हात दमले, इंजिन दमलं नाही.

"बास," काकासाहेब शेवटी म्हणाले. "वहिनी, व्हा म्होरं."

फियाट वेशीच्या तोरणाखालून आपल्या पायाने गेली.

घरी दारात बनुबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. ओवाळून झाल्यावर पुरणपोळीचा घास हातात घेऊन त्या तोंड शोधत बॉनेटचा पत्रा चाचपू लागल्या.

सत्यशीलाबाई घाईने खाली उतरल्या. "आत्याबाई, तो घास हिकडं," म्हणत त्यांनी तोंड पुढे केलं.