हिरवा चुडा आणि रोजची गोळी
आज सकाळी अ‍ॅलर्जीची गोळी पाकिटातून काढली आणि आष्टी गावच्या सासरच्या घरातली एक दुपार आठवली. पुतण्याचं लग्न होतं. कासारीण ओसरीवर बसून घरातल्या बायकांना हिरवा चुडा भरत होती. काचेचा किणकिणाट आणि हळदीचा वास सगळीकडे भरला होता. माझ्या त्वचेवर बांगडीचा, बादलीच्या कडीचा, कशाचाही दाब पडला की काही तासांनी तिथे गांधी उठत, हात सुजायचा. म्हणून प्रत्येक लग्नात मी मोकळ्या मनगटांनी बसायचे आणि धाकट्या जावेचे भरलेले हात पाहून मनातून जळायचे. त्या वर्षी मात्र जालन्याच्या डॉक्टरांनी, खाज असो वा नसो, रोज एक गोळी घ्यायला लावली होती. मी हात पुढे केला. "अक्का, हात सुजला तं बांगड्या वाढवाव्या लागतील. लग्नघरात अपशकुन!" जाऊ म्हणाली. "भरा, हिच्याइतक्याच," मी कासारणीला सांगितलं. संध्याकाळी हळदीच्या गर्दीत मी सारखी मनगटं चाचपत होते. एकही गांध उठली नाही. मी मुद्दाम जावेसमोर बांगड्या वाजवल्या. तिने पाण्याने भरलेली बादली माझ्यापुढे ठेवली. "बरं झालं. मंग उचला आता! तुमच्या पित्तापायी इतकी वर्षं मीच पाणी वाहून राह्यले. मला किती हेवा वाटायचा, अक्का!" मी बादली उचलली. पण बाळांनो, खरं सांगते, चालतानाही माझी नजर तिच्याच हातांवर होती. या वयातही हिरव्या बांगड्या तिलाच जास्त शोभतात, आणि ते मला अजूनही सहन होत नाही.